पाहुणं, हातात काय बी न्हाई की!

पोकरच्या टेबलावर कसं वागावं हे मला परवा पणजीत, मांडवीतल्या एका बोटीवर कळलं. फी 7000 रुपये.

पहिला धडा बसल्या बसल्या. समोरच्यानं 300 लावले. मला 1000 करायचे होते, म्हणून हजाराची एकच चिप ऐटीत, न बोलता पुढे सारली. डीलर मुलीनं 700 परत दिले. 'रेज', म्हणजे वाढवतो, असं न म्हणता एकच मोठी चिप टाकली तर तो नुसता कॉल, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे. असेल नियम. पण एटीएममध्ये अडलेल्या आजोबांकडे बघावं तसं बघायचं, हे कुठल्या नियमात बसतं?

मग काका आले. सफारी, हातात चिकनची प्लेट, पोट माझ्या खुर्चीला टेकलेलं. पोकरमध्ये पत्ते ज्याचे, डोकंही त्याचंच. डाव चालू असताना बघ्यानं चकार शब्द काढायचा नाही. पण आमच्याकडे दिवाळीच्या तीनपत्तीत मागून "पॅक कर रे!" ओरडणारा मामा नसेल तर डाव अळणी लागतो. त्या संस्कारामुळे मी गप्प बसलो.

पाचवं पान पडलं. बदामाचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, हुकला. मी चेहऱ्याचा दगड केला आणि खणखणीत आवाजात 4000 लावले. तेवढ्यात मानेपाशी मसाल्याचा वास आला.

"पाहुणं, हातात काय बी न्हाई की ओ!"

मी हललो नाही. समोरचा गॉगलवाला तासभर फक्त इंग्रजी झाडत होता, त्याला काय कळणार? गॉगल कपाळावर गेला.

"कॉल. काका, सांगलीचं काय?"

"व्हय! तुमी?"

"मिरज. लक्ष्मी मार्केटापाशी."

"आमचा मेव्हणा तितंच की!"

मेव्हण्याची चौकशी होईपर्यंत माझ्या चिपा मिरजेला पोचल्या.

मॅनेजरकडे तक्रार केली. तो मलाच म्हणाला, "सर, पत्ते उचलायचे नाहीत, झाकून नुसते कोपरे वाकवून बघायचे." काकांना काय सांगितलं? काही नाही. त्यांना खुर्ची आणून दिली!

फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या माणसाला कॅसिनोत खेळायला बंदी आहे. "आमकां भितर सोडिनात," असं टॅक्सीवाला जाताना कुरकुरत होता. मी त्याची कीव केली होती.

धक्क्याकडे परतणाऱ्या फेरीत काका नेमके शेजारी.

"पाहुणं, राग मानू नगा. म्या बोललो नसतो तरी तुमचं कान लाल झालं हुतं."