नव्या मेट्रनबाईंसाठी चार हिताच्या गोष्टी

बढतीबद्दल अभिनंदन! आता तुमच्या हाताखाली निरनिराळ्या भाषांच्या, धर्मांच्या, देशांच्या सिस्टर्स येणार आणि खाटांवर त्याहून तऱ्हेतऱ्हेचे पेशंट. घाबरू नका. सांस्कृतिक विविधता ही दर्शनी भागात लावायची गोष्ट आहे. लिफ्टशेजारी रंगीबेरंगी पोस्टर लावा, १२ मेला, परिचारिका दिनी, सगळ्यांना पारंपरिक पोशाखात बोलवा आणि फोटो काढा. फोटो वार्षिक अहवालात छापून आला की वर्षभराची विविधता उरकली.

ड्युटीचा तक्ता मात्र कुणाच्या हाती देऊ नका, खरी सत्ता त्याच कागदात असते. बहुसंख्यांचे सण सुट्ट्यांच्या यादीत असतातच. बाकीच्यांनी 'वैयक्तिक कारण' लिहून अर्ज करावा आणि बदली माणूसही आपला आपण शोधावा. परदेशातून आलेल्या सिस्टरला सलग नाइट लावा. तिचं इथं आहे कोण तक्रार ऐकायला?

आता पेशंट. बाईला आपली भाषा येत नसेल आणि ऑपरेशनची संमती हवी असेल, तर दुभाष्याला फोन करत बसू नका. तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी खाटेशेजारी उभी असतेच. गर्भाशय काढण्यातले धोके तिला सांगा, ती आईला सांगेल. पोरगी मध्येच अडखळली, खाली मान घालून नुसतं "सही कर म्हणतायत" एवढंच बोलली, तरी बिघडत नाही. 'रुग्णास समजेल अशा भाषेत सांगितले' हे फॉर्मवर आधीच छापलेलं असतं. आपल्या व्यवसायातली निम्मी नैतिकता छापखानाच सांभाळतो.

मधुमेही पेशंटनं उपास धरला, तर इन्शुलिनच्या वेळा बदलण्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागावं लागतं. त्यापेक्षा 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारा. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हेपारिन बहुतेक वेळा डुकराच्या आतड्यांपासून बनवतात, ही माहिती स्टाफपुरतीच ठेवा. कुणी विचारलं नाही म्हणजे कुणाची हरकत नाही.

बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, पहिली खूण लाली, असं आपण सगळ्याच शिकलो. गडद त्वचेवर ती सहजी दिसत नाही. तिथं हात लावून ऊब आणि घट्टपणा पाहावा लागतो. पण तुमच्या तक्त्यात 'लाली : आहे / नाही' एवढेच चौकोन आहेत ना? मग 'नाही'वर टिक करा आणि पुढच्या खाटेकडे चला. पल्स ऑक्सिमीटरचंही तेच. कृष्णवर्णीयांच्या रक्तातला कमी ऑक्सिजन या यंत्राच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा सुटतो, असं २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. दिसू दे. यंत्र भेदभाव कशाला करील?

वाचनाचा नाद मात्र लावून घेऊ नका. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी भलतंच काढलं होतं : सेवा सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्यानं ठरवायचं! तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं १९९२ मध्ये ते अभ्यासक्रमातही घातलं. असल्या गोष्टी पसरल्या तर उद्या राउंडला पेशंटच आपल्याला प्रश्न विचारतील.

आणि एक दिवस कसोटीचा येईलच. एखादा पेशंट म्हणेल, "त्या काळ्या सिस्टरला माझ्याकडे पाठवू नका." लगेच दुसरी पाठवा आणि नोंद करा : 'रुग्णाच्या पसंतीचा आदर केला.' त्याच दुपारी एखादी बाई म्हणेल, लघवीची नळी (कॅथेटर) घालायला पुरुष नको, सिस्टर हवी. तिला मात्र ठणकावून सांगा की इथं नियम सर्वांना सारखे, असले लाड चालणार नाहीत. दोन्ही निर्णय एकाच शिफ्टमध्ये एकाच पेनानं घेता आले, की तुम्ही या खुर्चीत मुरलात. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे, २०२१ मध्ये ती सुधारलीही. तिची छान फ्रेम करून खुर्चीच्या मागे टांगा, म्हणजे ती फक्त समोर बसणाऱ्यांना वाचता येईल.

ती नाकारलेली सिस्टर लेखी तक्रार घेऊन आली, तर तिला पाणी द्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं" म्हणा आणि सांस्कृतिक संवेदनशीलतेच्या कार्यशाळेला तिचंच नाव द्या. तिच्यामागे वॉर्डात माणूस कमी पडेल. तेवढ्या नाइट पुढच्या महिन्यात तिच्याच नावावर लिहून ठेवा.