सैतानाच्या घशाशी फुकटचा फोटोग्राफर

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहूनच टाकतो. इग्वासूचा धबधबा, अर्जेंटिनाच्या बाजूने. परदेशी पाहुण्यांना तिकीट स्थानिकांपेक्षा कितीतरी महाग, ते मुकाट भरलं, जंगलातल्या छोट्या ट्रेनने गेलो, नदीवरच्या लोखंडी पुलावरून किलोमीटरभर तंगडतोड केली आणि एकदाचा सैतानाच्या घशापाशी पोचलो. नावच ते आहे, गार्गांता देल दियाब्लो. जवळजवळ अर्धी नदी इथे ८० मीटर खाली कोसळते, आणि कठड्याला ही गर्दी.

एक फट दिसली, घुसलो, तर पुढचे आजोबा वळले. काखेत थर्मास, हातात 'माते' नावाच्या पेयाचा भोपळा, त्यात नळी. हा कडू पाला तिकडे दिवसभर ओढतात. फोन थेट माझ्या हातात कोंबला. "अमीगो, फोतो!"

काढला. त्यांनी बघितला, मान हलवली, "ओत्रा!" म्हणजे परत काढ. लेन्सवर तुषार, ते त्यांनी शर्टाने पुसले, शर्टच चिंब, त्यामुळे आता सगळं खानदान धुक्यात. "ओत्रा!" मग आजींचे केस. मग सून आली, तिचा पिवळा प्लॅस्टिकचा पोन्चो, म्हणजे डोक्यातून घालायचा रेनकोट, वाऱ्याने उडून नातवाच्या तोंडावर चिकटला, पोरगं आतून बोंबलतंय, "ओत्रा!" मध्येच नळी माझ्यापुढे केली. बहुतेक मजुरी. सगळ्यांची उष्टी, वर जीभ पोळली.

बाकी नदी आहे मात्र भारी. कुरितिबाजवळ, अटलांटिकच्या उशाशी उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून पश्चिमेला निघते, आपल्या कृष्णेसारखी उलट्या दिशेची. तेराशे किलोमीटर जाऊन पाराना नदीला मिळते. पावणेतीन किलोमीटर पसरलेले पावणेतीनशेच्या आसपास धबधबे. कोआती नावाचा लांब नाकाचा प्राणी पिशव्या पळवतो, त्याच्या पाट्या आहेत, चावलेल्या हाताच्या फोटोसकट. आजोबांबद्दल पाटी नाही.

पलीकडे ब्राझीलमधून सगळा देखावा एकदम दिसतो म्हणे. पण आपल्या पासपोर्टला त्याचा वेगळा व्हिसा, वेगळी फी, वेगळी कागदपत्रं. बाकी बऱ्याच देशांचे लोक बसने सरळ जाऊन येतात.

आजोबांचं समाधान झालं तोवर शेवटच्या ट्रेनसाठी गार्ड सगळ्यांना हाकलू लागला. बायको दुसऱ्या टोकाला निवांत उभी होती. परत येताना म्हणते, "काय दिसला ना घसा! तुला काय वाटलं?"

मला त्या सुनेचा पोन्चो तोंडपाठ झालाय, हवं तर त्याचं वर्णन करतो.