धंदा म्हणे रक्तात असावा लागतो

कॉलेजात कुणीतरी पाहुणे यायचे आणि माइक हातात घेऊन सांगायचे, "नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा." आम्ही टाळ्या कुटायचो आणि दुसऱ्या दिवशी नोकरीचाच फॉर्म भरायचो.

आमच्या घरी सगळे पगारदार. वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांचा छपाईचा व्यवसाय होता. त्याच्याकडे अभ्यासाला बसलं की पलीकडच्या खोलीतून फोन ऐकू यायचा, "अहो, बिल देऊन दोन महिने झाले..." मला ऐकूनच कसंतरी व्हायचं. मित्र मान वर न करता गणित सोडवत असायचा. म्हणायचा, "देतील रे. दर वेळी असंच करतात." थकलेलं बिल त्याला पंख्याच्या घरघरीइतकं सवयीचं होतं. पुढे तो धंद्यात पडला, मी नाही. (गणितात मार्क माझेच जास्त होते, हे आपलं नोंदवून ठेवतो.)

धंदा रक्तात असावा लागतो म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी तपासून 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल उद्योजक होण्यात जन्मदात्यांचा वाटा दिसला, नाही असं नाही. पण वाढवणाऱ्यांचा जवळपास दुप्पट. म्हणजे रक्तापेक्षा पलीकडच्या खोलीतला तो फोन भारी.

मग वर्गात शिकवून आवड लागेल का? नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला देऊन पाहिलं. 2010 च्या त्या अभ्यासात उद्योजक व्हायची इच्छा उलट कमी झाली! मला यात वाईट काही वाटत नाही. हिशेब स्वतः केला की हवा उतरतेच.

खरा अडसर मला वेगळाच वाटतो. फ्रान्समध्ये 2002 च्या सुमारास नियम बदलला: बेरोजगारानं व्यवसाय काढला आणि तो बुडाला, तरी त्याचा भत्त्याचा हक्क शाबूत. नवे व्यवसाय भराभर निघाले, आणि ते आधीच्यांपेक्षा कच्चेही नव्हते. त्या लोकांना कुणी जोशपूर्ण भाषण दिलं नव्हतं. पडलं तर हाडं मोडणार नाहीत, एवढंच कळलं होतं. ज्याच्या पगारावर घर चालतं, त्या पोराला आपण "रिस्क घेत नाहीत हल्लीची मुलं" म्हणतो, तेव्हा मला राग येतो.

मित्रानं स्वतःचं काही सुरू केलं तेव्हा त्याचे वडील एवढंच म्हणाले होते, "नाहीच जमलं तर मशीन इथंच आहे."

परवा जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, मला स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय." आणि एवढं सगळं वाचून-पाहून माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "आणि नाही चाललं तर?"