काटकसर सभागृहात ठरावी, कोषागारात नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

राज्याच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : ‘लाडकी बहीण’ योजनेला नावे ठेवणाऱ्यांना गरीब बायकांच्या हाती पडणारे दीड हजार रुपये खुपतात, मंत्र्यांच्या गाड्या, बंगले आणि जाहिराती यांना कात्री लावली तर तेवढा पैसा सहज उभा राहील, आणि राज्याचे कर्ज मर्यादेत असताना काटकसरीची ओरड करणे हा निव्वळ कांगावा आहे. शेवटी आपण विचारले आहे की, तिजोरी माझ्या हाती असती तर मी नेमके काय कापले असते.

कर्जाच्या आकड्यांबद्दल आपल्यात वाद नाही. १० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पानुसार वर्षअखेरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी, म्हणजे राज्य उत्पन्नाच्या सुमारे १९ टक्के होते, आणि १ लाख ३६ हजार २३५ कोटींची राजकोषीय तूट, म्हणजे त्या वर्षी कर्ज काढून भरायची एकूण रक्कमही ३ टक्क्यांच्या मर्यादेत बसत होती. मला खटकली ती ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट, म्हणजे चालू खर्चालाच उत्पन्न कमी पडणे. कर्ज काढून धरण बांधणे वेगळे आणि कर्ज काढून चालू खर्च भागवणे वेगळे. त्यातही महसुली जमेतील निम्म्याहून अधिक रक्कम पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जाते, आणि तिला हात लावता येत नाही. त्यामुळे कात्री चालते ती उरलेल्या कामांवर : शाळाखोल्या, शिष्यवृत्त्या, पाणीपुरवठ्याच्या योजना.

मंत्र्यांच्या थाटमाटाबद्दलचा आपला संताप रास्त आहे आणि तो खर्च कमी व्हावा असे मलाही वाटते. मात्र त्यातून तिजोरी भरेल, हे गणिताला धरून नाही. त्या वर्षाचा अंदाजित महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी होता, म्हणजे दिवसाला सुमारे १,६६० कोटी. बंगले आणि गाड्या यांतून वर्षभरात १०० कोटी वाचले असे धरले, तरी तेवढ्यावर राज्याचा कारभार दीड तासही चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. मी ‘लाडकी बहीण’ योजनेच्या विरोधात लिहिले, असे आपण म्हणता. माझा आक्षेप योजनेवर नव्हता, तिच्या तरतुदीवर होता. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार रुपये. अर्थसंकल्पात योजनेसाठी ठेवलेल्या ३६ हजार कोटींना १८ हजारांनी भागले की बरोबर २ कोटी महिला येतात. प्रत्यक्षात जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा हप्ता थांबवल्याचे महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केले, त्यानंतरही सव्वादोन कोटी महिला पात्र होत्या, आणि त्यांचा वर्षाचा हिशेब साडेचाळीस हजार कोटींच्या घरात जातो. याचा अर्थ, लाखो बहिणी वगळल्या जाणार हे तरतुदीतच गृहीत धरलेले होते, पण सभागृहात ते कोणी सांगितले नाही. निवडणुकीपूर्वी अर्ज घेताना न झालेली छाननी निवडणुकीनंतर झाली, तिचे हेच कारण आहे. कोणाला वगळायचे, हे आधी सांगून वगळा, एवढेच माझे म्हणणे आहे. हप्ता २१०० रुपये करण्याच्या निवडणुकीतील आश्वासनाबद्दल तर बोलायलाच नको.

पैसा कमी पडला की लाभार्थी वगळण्याखेरीज सरकारकडे दुसरा उपाय असतो आणि तो अधिक बिनबोभाट आहे. अर्थसंकल्पातील तरतूद म्हणजे हातातील पैसा नव्हे. वित्त विभागाने ‘बीम्स’ या निधीवाटपाच्या संगणकीय प्रणालीवर निधी वितरित केल्याशिवाय विभागाला तो खर्च करता येत नाही. वर्षभर वितरण रोखून धरायचे, मार्चअखेर थोडे मोकळे करायचे, उरलेले परत गेल्याचे दाखवायचे, आणि कागदावर तूट आटोक्यात. काम मात्र झालेले असते, बिल तेवढे थकलेले असते. कंत्राटदारांची आंदोलने यातूनच उभी राहिली. याला बचत म्हणणे म्हणजे किराणावाल्याची उधारी वाढवून घरखर्च कमी झाला असे सांगण्यासारखे आहे.

तुलनेसाठी ४ मे २०२० चा शासन निर्णय आठवावा. टाळेबंदीत उत्पन्न आटल्यावर वित्त विभागाने कार्यक्रम खर्चासाठी, म्हणजे योजनांसाठी, ३३ टक्केच निधी मिळेल, नवी कामे आणि नवी भरती होणार नाही, आरोग्यासारख्या विभागांना सूट राहील, असे लेखी जाहीर केले. निर्णय कठोर होता, पण तो वाचता येत होता, त्याच्यावर टीका करता येत होती. एक रुपयातील पीकविम्याचेही तसेच. बोगस अर्ज उघडकीला आल्यावर एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती सवलत उघडपणे मागे घेतली आणि खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का हा विमाहप्ता पुन्हा लागू झाला. शेतकऱ्यांना हा निर्णय रुचला नाही, पण तो कोणी घेतला आणि का घेतला हे त्यांना ठाऊक आहे.

त्या त्या समाजासाठी राखून ठेवलेल्या निधीतून, म्हणजे अनुसूचित जाती घटक योजनेतून ३,९६० कोटी आणि आदिवासी घटक कार्यक्रमातून ३,२४० कोटी ‘लाडकी बहीण’साठी दाखवले गेले, हे आपण आपल्या प्रतिक्रियेत विचारात घेतलेले दिसत नाही. लाभार्थींमध्ये त्या समाजांतील महिला आहेत, हा सरकारचा खुलासा नियमात बसतही असेल. तरीही मे २०२५ मध्ये खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहातील मुलीचा निर्वाह भत्ता आणि तिच्या आईचा हप्ता एकाच घटक योजनेच्या तरतुदीतून जाणार असतील, तर गरिबांची बाजू मी घेत नाही, हा आरोप माझ्यावर करण्याआधी आपण त्या मुलीचाही विचार करावा, ही विनंती.

आता आपला शेवटचा प्रश्न. मी शक्तिपीठ महामार्ग पुढे ढकलला असता. पवनार ते पत्रादेवी हा सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता गोव्याच्या हद्दीपर्यंत नेण्यासाठी २०२५ मध्ये जवळपास ८६ हजार कोटींचा अंदाज होता, आणि जून २०२५ मध्ये भूसंपादन व नियोजनासाठी २० हजार ७८७ कोटींना मंजुरीही मिळाली. कोल्हापूर आणि सांगलीच्या शेतकऱ्यांचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तरी थकलेली बिले चुकती होईपर्यंत एवढ्या मोठ्या नव्या कामाला प्रशासकीय मान्यता देण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्याला ते दिसत असेल, तर कृपया आकड्यांसह लिहावे.