मोहन बागान जिंकलं म्हणून राजधानी दिल्लीला गेली? अहो, तारखा तरी बघा

29 जुलै जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतोच. 1911 ला कलकत्त्यात आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला मोहन बागान क्लबच्या अकरा अनवाणी पोरांनी गोऱ्यांच्या पलटणीला लोळवलं, फुटबॉलमध्ये आपण इंग्रजांना हरवायची ही पहिलीच वेळ, इंग्रज एवढे टरकले की राजधानीच दिल्लीला हलवली आणि परत आपल्यासमोर कधी टिकले नाहीत. मॅच खरी आहे, पण फोडणी जरा जास्तच झालीये.

अकरा नाही, दहा अनवाणी. लेफ्ट बॅक सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले होते.

पहिली वेळ पण नव्हे. 1892 लाच शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. शील्ड जिंकणारी पहिली भारतीय टीम मोहन बागान, एवढं म्हणा, ते शंभर टक्के बरोबर आहे.

आता राजधानी. 12 डिसेंबर 1911 ला दिल्ली दरबारात घोषणा झाली, त्यामुळे जुलैत मॅच, डिसेंबरात राजधानी, लोक सरळ जोडून मोकळे होतात. कोणी जरा वाचलेला असेल तर राजधानी हलवा असं लंडनला सांगणारा व्हाईसरॉय हार्डिंगचा 25 ऑगस्टचा खलिता पुढे करतो, बघा म्हणे महिन्याच्या आत! अरे पण त्या खलित्याच्या आधीचं बघ ना, हार्डिंगच्या कौन्सिलातला जॉन जेनकिन्स, त्याने राजधानी दिल्लीला न्या आणि बंगालची फाळणी फिरवा हे टिपण जूनमध्येच लिहून दिलं होतं, तेव्हा फायनलचा पत्ता पण नव्हता. हार्डिंगने लंडनला भारतमंत्री लॉर्ड क्रूला हे कळवलं ते पण फायनलच्या आधी, जुलैतच. इंग्रजांना त्रास होता तो 1905 च्या फाळणीवरून पेटलेल्या बंगालचा, चळवळीचा, बॉम्बचा. एका गोलने साम्राज्य हलतं असं वाटायला छान वाटतं, ते सोडा.

आणि खरी मॅच काय कमी आहे का? ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या जॅक्सनने फ्री किकवर गोल मारला, आपण एकने मागे, मग कॅप्टन शिबदास भादुरीने बरोबरी केली आणि अगदी शेवटी शेवटी अभिलाष घोषने दुसरा घातला. 2-1. गर्दी अशी की मागच्यांना काही दिसेना, त्यांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले म्हणतात. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांना यातलं एक नाव टाकावंसं वाटत नाही, राजधानी मात्र हवी.

राहिलं "परत टिकले नाहीत". टिकले की, चांगले टिकले. 1923 ला हेच मोहन बागान मुंबईला रोव्हर्स कपच्या फायनलपर्यंत आलं आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरलं. शील्ड परत भारतीय टीमकडे यायला 1936 उजाडलं, ती पण मोहमेडन स्पोर्टिंगने आणली. मोहन बागानला स्वतःची दुसरी शील्ड मिळाली थेट 1947 ला.