आयत्या विंडोजवर नागोबा

संगणकावर नवी विंडोज टाकणे हे कष्टाचे काम आहे, आणि आधीपासून बसलेली विंडोज जागेवरून न हलवता उबुंटू या लिनक्स सिस्टीमच्या एका खिडकीत चालवणे हे बिनकष्टाचे काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यापैकी मी एक. माझ्या हार्ड डिस्कच्या एका पार्टिशनवर उबुंटू आणि दुसऱ्यावर विंडोज ७ आहे. दिवसभराचे सगळे काम उबुंटूवर होते. पण युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले एक मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आणि त्याच्यावाचून अक्षरांऐवजी नुसता कचरा दाखवणाऱ्या जुन्या फायली विंडोजमध्ये अडकून पडल्या आहेत. त्या सॉफ्टवेअरची सीडी सापडत नाही आणि ज्या दुकानातून ती घेतली होती तिथे आता मोमोज मिळतात. त्यामुळे कोऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतल्या खोट्या संगणकात, सगळे नव्याने टाकण्याचा रास्त सल्ला माझ्या उपयोगाचा नव्हता.

फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ साली लोकांपुढे आणलेला क्यूईएमयू हा एम्युलेटर खोटा संगणक उभा करतो. २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, केव्हीएम ही सोय आल्यापासून त्या खोट्या संगणकातल्या सूचना बहुतांशी खऱ्या प्रोसेसरवरच चालतात, त्यामुळे वेगाबद्दल तक्रारीला जागा नाही. या खोट्या संगणकाला डिस्क म्हणून सहसा एक फाइल देतात. परंतु लिनक्सच्या लेखी सगळी हार्ड डिस्क हीसुद्धा एक फाइलच असल्यामुळे त्या जागी सरळ आपल्या डिस्कचे नाव लिहिले तरी एम्युलेटर 'नक्की का?' एवढेही विचारत नाही. मला मात्र त्याने ते विचारावे असे फार वाटते.

कारण खिडकी उघडताच तिच्यात विंडोज आली नाही, कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या ग्रबचा जांभळा मेनू आला. डिस्क खरी, तेव्हा तिच्यावरचा बूटलोडरही खराच. यादीत पहिले नाव उबुंटूचे होते आणि खाली दहा सेकंदांची उलटी मोजणी चालू होती. ज्या उबुंटूमध्ये ही खिडकी उघडली होती, तोच उबुंटू त्याच पार्टिशनवरून स्वतःच्याच पोटात दुसऱ्यांदा सुरू व्हायला निघाला होता! स्वतःच्या श्राद्धाला स्वतःच पानावर बसण्याचा हा प्रकार नुसता विचित्र नसून जीवघेणा आहे. दोन्ही कर्नल पार्टिशन आपल्या एकट्याच्या मालकीचे समजतात, डिस्कवर कुठे जागा रिकामी आहे याचा हिशेब आपापल्या मेमरीत ठेवतात आणि एकमेकांच्या लिखाणावर निर्धास्तपणे लिहीत सुटतात. फाइल सिस्टीमची वाट लागायला मग वेळ लागत नाही. मी खालच्या बाणाचे बटण दाबले, मोजणी थांबली, आणि चहा उकळून गॅसवर सांडत असल्याचा वास येऊनही मी खुर्चीवरून उठलो नाही. विंडोजचे पार्टिशन उबुंटूमधून आधीच अनमाउंट केलेले, म्हणजे उबुंटूपासून तोडलेले, होते आणि एम्युलेटरला 'स्नॅपशॉट' हा पर्यायही दिलेला होता, म्हणजे आत जे काही लिहिले जाईल ते डिस्कवर न जाता तात्पुरत्या फाइलीत जाईल. विंडोजसमोर या संरक्षणाचा फार उपयोग झाला. पण ग्रबसमोर बसलेल्या माणसाच्या छातीतली धडधड त्याने कमी होत नाही.

विंडोजचे चार रंगांचे ठिपके एकत्र येऊ लागले आणि त्यांचा झेंडा होण्याआधीच काहीतरी निळे चमकून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. एफ-८ दाबून आपोआप होणारा रीस्टार्ट बंद केल्यावर तो निळा पडदा जागेवर थांबला, आणि त्याच्या तळाशी सेव्हन-बी हा स्टॉप कोड दिसला. त्याचा अर्थ असा, की जिच्यावरून मी आत्ता सुरू झाले ती डिस्कच मला सापडत नाही. यात विंडोजचा दोष काढणे मला पटत नाही. क्यूईएमयू मुकाट्याने जो मदरबोर्ड पुढे करतो, तो १९९६ साली आलेल्या इंटेल ४४०एफएक्स या चिपसेटचा असतो. २००९ साली बाजारात आलेल्या आणि एएचसीआय या नव्या पद्धतीने जोडलेल्या डिस्कवर वाढलेल्या विंडोजने एके सकाळी डोळे उघडून पाहावे, तर आपण १९९६ मध्ये! डिस्क जोडणाऱ्या जुन्या आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर तिच्याजवळ असतो, पण लागणार नाही म्हणून तिने तो माळ्यावर टाकलेला असतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, त्या ड्रायव्हरच्या नोंदींपुढे 'स्टार्ट'चा ३ हा आकडा असतो. तो ० केला की तो ड्रायव्हर बूट होतानाच हजर होतो. हा बदल करण्याचा सरळ मार्ग म्हणजे संगणक रीस्टार्ट करून खऱ्या विंडोजमध्ये जाणे, म्हणजेच जे टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता तेच करणे. "मामा, आता आत गेलाच आहेस तर तुझं काम तिथेच उरकून ये की," असे भाचा म्हणाला. मी उत्तर दिले नाही.

तो बदल केल्यानंतर विंडोज खिडकीत सुरू झाली. तिने नवे नेटवर्क कार्ड शोधले, नवे डिस्प्ले कार्ड शोधले आणि रीस्टार्टची परवानगी मागितली. आणि स्नॅपशॉट चालू असल्यामुळे खिडकी बंद करून उघडली की तेच कार्ड ती त्याच उत्साहाने पुन्हा शोधू लागली. डीटीपी सॉफ्टवेअर ज्याच्यावाचून चालत नाही ते त्याचे यूएसबी कुलूप एम्युलेटरमार्फत आत पोहोचवल्यावर जुनी फाइल उघडली, अक्षरे जागच्या जागी दिसली, आणि त्याच क्षणी मागचा डेस्कटॉप काळा होऊन कोपऱ्यात विंडोजची ही प्रत अस्सल नसल्याची सूचना उमटली. तयार विकत घेतलेल्या संगणकातली विंडोज आपला परवाना बायोसमधल्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधल्या, एका तक्त्यावरून ओळखते आणि एम्युलेटरच्या बायोसमध्ये तो तक्ता नसतो.

"मामा, तू पायरेटेड वापरतोस?" भाच्याने विचारले. मी टेबलाखाली वाकलो, कॅबिनेट फिरवले आणि त्याच्या अंगावरचा परवान्याचा अस्सल स्टिकर त्याला दाखवला. त्याने मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तो बराच वेळ न्याहाळला आणि त्यावरचे आकडे पुसून गेल्याचे मला सांगितले.