महाराष्ट्रातले चार ए

लेक अकरावीला, सायन्स. परवा रात्री साडेदहाला, मी आडवा व्हायच्या बेतात असताना वही घेऊन आली, बाबा हे बघ ना जरा. महाराष्ट्र शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग, अकरा अक्षरं, त्यात ए चार, एच दोन, आर दोन, आणि अट काय तर कुठलेही दोन ए शेजारी शेजारी नकोत, तर मांडण्या किती. हात्तिच्या म्हटलं, आण इकडे, आमच्या वेळी तर... (इथे तिने जांभई दिली.)

अकरा फॅक्टोरियल (म्हणजे अकरापासून एकपर्यंत सगळ्या आकड्यांचा गुणाकार), भागिले सारख्या अक्षरांचे फॅक्टोरियल, एकूण 4,15,800. चारही ए चा गठ्ठा बांधून एक अक्षर धरलं तर 10,080. वजा करून टाकले, 4,05,720, पेन खाली ठेवलं आणि चहाची ऑर्डर सोडली. मागे उत्तर छापलेलं 88,200. मी म्हटलं छापताना चुकलंय, होतं असं.

"बाबा, तू फक्त चौघं एकत्र आलेले हाकललेस. तिघांचं टोळकं, दोघादोघांच्या जोड्या, सगळे आतच बसलेत की!"

चहा आलाच नाही.

मग तिने गॅपवालं शिकवलं. आधी ए बाजूला उभे करायचे, उरलेली सात अक्षरं बसवायची, ती 1260 प्रकारे बसतात, मग फटी बघून एका फटीत एकच ए. फटी मी स्वतः बोटाने मोजल्या, सहा. सहातून चार फटी निवडायचे प्रकार 15, गुणिले 1260, उत्तर 18,900. "आणि टोकं?" ती म्हणाली. पंगतीत रुसलेला माणूस हमखास टोकाला जाऊन बसतो हे जन्मभर बघतोय तरी टोकं विसरलो बघा. फटी आठ, आठातून चार 70, गुणिले 1260, बरोब्बर 88,200. वर मूळ स्पेलिंगमध्ये चारही ए आधीच लांब लांब बसलेले, म्हणजे एक मांडणी तर प्रश्नातच फुकट दिली होती, उरलेल्या 88,199 साठी माझी झोप गेली.

तेवढ्यात बायको आतून म्हणाली, रविवारी बारशाला गाडी मी चालवतेय, पोरगी पुढे, मागे तू आणि दोन्ही आत्या. दोघींचं गेल्या दिवाळीपासून बोलणं बंद. मी लगेच मांडलं, तीन सीट, दोन आत्या शेजारी नकोत, प्रकार फक्त दोन.

दोन्हीत मधे मीच.